मुसकं मी काढलं होतं

त्या दिवशी दादाच्या वावरात रोडगे खायला आलेली सगळी माणसं मी बोलावली होती. यंत्रानं नाही, सूनबाईच्या चुकीनं तर मुळीच नाही. मी. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि आता कागदावर उतरलं तर, खरं सांगतो, आधी हसूच फुटलं.

मी मुळात कमी बोलणारा. आमच्या घरात दादा बोलतो आणि मी मान हलवतो. लहानपणापासून कामाची ही वाटणी ठरलेली आहे. मेडशीजवळ आम्हा शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली एक कंपनी आहे, तिथं मी संगणकावर बसतो. सभासदांचं सोयाबीन आणि तूर एकत्र करून विकायची, एवढंच कंपनीचं काम. दादा तिथं संचालक आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी ट्रॅक्टर आणले तर रस्त्यावर जत्रा भरते, म्हणून ज्याचा त्याचा नंबर फोन करून कळवायचा, हे माझ्याकडे होतं. आता आमच्याकडचा फोन म्हणजे काय? 'उद्या माल आना' एवढं सांगायला फोन लावावा, तर पलीकडून सुरू: "अरे बाप्पा, तू व्हय का! वयनीचं गुडघ्याचं कसं हाये? पोराचा निकाल लागला का?" एकेका फोनपायी माझा चहा थंड व्हायचा.

अशात दादाच्या घरी सूनबाई आली. अकोल्याची मुलगी, संगणकाची इंजिनिअर, काही वर्षं पुण्यात नोकरी केलेली. माझा पुतण्या शेती सोडायला तयार नव्हता, म्हणून तीच इकडे आली. आल्यावर तिनं दादासमोर मांडलं: कंपनीत आपण एआयचा मदतनीस बसवू. माल किती, नंबर कुणाचा, ओल किती, सगळं तो बघेल आणि ज्याला त्याला फोनही तोच करेल.

दादानं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाला, "हा हंगाम करून पाह्य. जमलं तं कंपनीत कायमची बस, मी सोता संचालकायले सांगतो. पन एक जरी घोटाळा झाला ना बाई, तं मंग घरातलं पाह्याचं. अन् मले बोल लावाचा नाई."

"चालेल मामाजी," ती म्हणाली.

मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. तिच्या हातात एक हंगाम आहे आणि त्यावर तिचं सगळं अवलंबून आहे, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

पहिल्या दिवशी तो मदतनीस काय करतो ते पाहून मी वेडा झालो. आपण साध्या मराठीत लिहायचं, की अमुक हवं. तो त्याचा कोड लिहिणार, स्वतःच चालवून बघणार, अडला की आपलीच चूक वाचणार, दुरुस्त करणार आणि पुन्हा चालवणार. मी ओरडलोच, "सूनबाई, हा तं माणसावानी चुकून राह्यला!"

"म्हणूनच काकाजी, याले मोकळं सोडायचं नाही."

तिनं त्याच्यासाठी संगणकातच एक बंद खोली केली होती. तिकडचे लोक त्याला सँडबॉक्स म्हणतात. मदतनीसानं लिहिलेला कोड त्या खोलीतच चालणार. आत आपल्या खऱ्या फाइली नाहीत, तशाच दिसणाऱ्या खोट्या. बाहेर जायला इंटरनेट नाही. ठरावीक वेळ, ठरावीक जागा; त्यापुढं गेला की खोली आपोआप बंद. आणि काम संपलं की खोली मोडून टाकायची, आतल्या सगळ्या खुणांसकट. पुढच्या कामाला नवी कोरी खोली. आतून जे उत्तर येईल ते आपण डोळ्यांनी बघायचं, पटलं तरच बाहेर वापरायचं.

माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं. तिनं विचारलं, "काकाजी, डवऱ्याच्या बैलाले मुसकं काहून घालता?"

"तन काढताना मधलं पीक खाऊ नये म्हनून."

"बैल वाईट असते काय?"

"छ्या! बैल गरीब असते. पन समोर हिरवं दिसलं का तोंड घालते."

"मंग? हा बी गरीबच हाये. सांगितलं ते करते. पण आपलं-परकं त्याले कळत नाही."

त्या दिवसापासून आम्ही दोघं त्या खोलीच्या बंद दाराला मुसकंच म्हणू लागलो. "मुसकं घातलं का काकाजी?" "घातलं घातलं."

खोट्या फाइलीत खोटे सभासद हवे होते. ते तिनं भाज्यांवरून घेतले. श्री. भोपळा, श्रीमती मेथी, दुधी आणि बंधू. भोपळ्याच्या नावावर भरपूर सोयाबीन, मेथीची तूर ओली. आम्ही हसून हसून दमायचो. एकदा मी मदतनीसाला लिहिलं, 'यादीतली दुबार नावं काढून यादी साफ कर.' त्यानं इतकी साफ केली की यादीत कुणी उरलंच नाही. मी कपाळाला हात लावला. सूनबाई मात्र निवांत. "गेले बिचारे," म्हणाली, एक बटण दाबून ती खोली मोडली आणि नवी उभी केली. भोपळा, मेथी, दुधी सगळे पुन्हा जिवंत! "हीच नावं खरी असती तर काकाजी?" तिनं विचारलं. मी कानाला हात लावले.

इतकं कळून मी तेच केलं. का, ते सांगतो.

फोन करायचा कोड तयार झाला होता. खोलीत तो झकास चालायचा, म्हणजे पडद्यावर ओळी उमटायच्या: 'भोपळा यांना फोन गेला असता.' 'मेथी यांना फोन गेला असता.' असता! मला हे 'असता' सोसेना. आम्ही बी पेरण्याआधी दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो, पण कोंब डोळ्यांनी दिसल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. मला घंटी ऐकायची होती. माझ्या स्वतःच्या खिशात, माझ्या स्वतःच्या फोनची.

सूनबाई त्या दिवशी माहेरी अकोल्याला गेली होती. जाताना म्हणाली, "मी आल्यावर खरा फोन लावून पाहू. तोवर मुसकं तसंच राहू द्या."

दुपारी ऑफिसात मी एकटा. बाहेर एसटीच्या थांब्यावर मेडशीची माणसं सावलीला बसलेली, चहाच्या टपरीवर स्टोव्ह सूं सूं करत होता. मला कशी मस्ती चढली कोण जाणे. आयुष्यभर मान हलवणाऱ्या माणसाला एखाद्या दुपारी असं होतं. फोनवर बोलायला काहीतरी मजकूर हवा. सूनबाई 'ही चाचणी आहे' असा लिहायची. मी लिहिला:

'उद्या दुपारी आमच्या आंब्याच्या वावरात रोडगे आहेत. सर्वांना चूलबंद आवतन.' आणि खाली दादाचं नाव.

परगावच्या वाचकासाठी सांगतो. रोडगे म्हणजे कणकेचे थर देऊन केलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नवस फेडायचा तर आमच्याकडे रोडगेच. आणि चूलबंद आवतन म्हणजे अख्ख्या घराला बोलावणं. त्या घरात त्या वेळी चूल पेटत नाही. आता दादाच्या बोअरला पाणी लागावं म्हणून त्यानं गावाला रोडग्यांचा नवस बोलला होता. त्या पाण्यावर कितीतरी हरभरे पिकले, पण रोडगे काही भाजले नाहीत. टपरीवर कुणीतरी विचारायचंच, "भाऊ, रोडग्याचं काय झालं?" दादाचं उत्तर ठरलेलं: "तूर निघू दे." तूर दरवर्षी निघायची.

म्हणून हा मजकूर मला भारी विनोदी वाटला. फोन माझा मलाच येणार होता, तेव्हा कुणाचं काय जातं?

मी इंटरनेट उघडलं. फोन-सेवेची चावी, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, सूनबाईनं वेगळी ठेवलेली, मला माहीत होती, ती दिली. खोट्या फाइलींचं फोल्डर काढून ऑफिसचं फोल्डर जोडलं, कारण फक्त माझा नंबर असलेली छोटी यादी मी त्यात ठेवली होती. आणि लिहिलं, 'यादीतल्या सगळ्यांना फोन कर.' कोड तर पहिल्यापासून 'सभासद' नावाची यादी उघडायचा. खोलीत त्या नावाची यादी भोपळ्याची होती. ऑफिसच्या फोल्डरमध्ये त्या नावाची यादी आमच्या सगळ्या सभासदांची होती. मी माझ्या छोट्या यादीला दुसरंच नाव दिलेलं. त्यानं सांगितलं ते केलं. समोर हिरवं दिसलं, तोंड घातलं.

माझा फोन वाजला. मीही सभासद आहेच की! उचलला, तर एक बाई अगदी शुद्ध आवाजात म्हणते, "सर्वांना चूलबंद आवतन." मी उभा राहून नाचलो. शपथ घेतो, नाचलो. एवढ्यात टपरीवाल्याचा फोन वाजला. मग थांब्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा. मग त्याच्या शेजारच्याचा. मग एसटी येऊन थांबली आणि आतून पाच-सहा फोन एकदम वाजायला लागले. कुणाचं भजन, कुणाचं लग्नातलं गाणं, कुणाची नुसती टिर्रर्र. मी खिडकीत थिजलो. बाहेर माणसं एकमेकांकडे बघत होती.

"तुले बी आला काय?"

"आला ना! रोडगे म्हनते!"

"अबे, भाऊनं मनावर घेतलं वाटते!"

"बाई कोन बोलून राह्यली पन?"

"सून असन. शिकेल हाये."

मी धावत जाऊन थांबवायला गेलो, पण कोड सूनबाईच्या हाताखाली घडलेला, तो कशाला अडखळेल? थांबवायचं बटण सापडेपर्यंत त्यानं काम पूर्ण करून 'सर्वांना फोन गेले' असं लिहिलं, आणि नियमाप्रमाणे खोली मोडून टाकली. सगळ्या खुणा त्याबरोबर पुसल्या गेल्या. मी चावी जागेवर ठेवली, खोटं फोल्डर जोडलं, मुसकं परत घातलं. मग खुर्चीत बसलो आणि मला हसू यायला लागलं. थांबेचना.

दादा मोटारसायकलवर आला तो फोन कानाला लावूनच. "अरे, माह्याच फोनवर मलेच आवतन आलं! माह्या नावानं कोनं देल्लं हे?"

तेव्हा सांगता आलं असतं. दादा रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. मी म्हणालो, "मशीननं... आपोआपच."

दोनच शब्द, पण कमी बोलणाऱ्याचे शब्द लोक खरे धरतात.

दादानं सूनबाईला फोन लावला. ती म्हणाली, "मामाजी, माझंच काहीतरी उघडं राहिलं असेल. मी निघते."

आता दादा काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे. फोन करून 'आवतन खोटं आहे' असं सांगायचं? दादा वावरातल्या आंब्याच्या खोडासारखा ताठ झाला. "नाई. आवतन गेलं म्हंजे गेलं. लोक चुली पेटवनार नाईत. उपाशी ठेवू काय?"

घरी पोहोचलो तर वहिनी पदर खोचून उभी. "इतके वर्ष मी सांगून सांगून थकली, या मानसानं ऐकलं नाई. शेवटी मशीनले दया आली माह्यी!"

पुढं जे झालं ते आठवलं की अजून आतून हसू उसळतं. पहाटेपासून वावरात गोवऱ्यांचे ढीग. ज्याला जे जमेल ते घेऊन लोक आले. दादाला एकट्याला झेपणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कणीक आणली, कुणी वांग्यांचं पोतं, कुणी तुपाचा डबा काखेत मारून. टपरीवाला स्टोव्हसकट आला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा मुकादम, जो सोंगणीला आमच्याकडे टोळी आणतो, त्याचाही नंबर यादीत. तो अख्खी टोळी टेम्पोत भरून आला. बाया गात उतरल्या. मुकादम दादाला म्हणतो, "बाई लय शुद्ध बोलली जी. पुन्याची हाय काय? मी तिले दोनदा 'येतो, येतो' म्हनलं, तं ती आयकेच ना, बोलतच राह्यली!"

आणि रिठदहून दादाचा साडू आला, तोही कंपनीचा सभासद. एका लग्नातल्या मानपानावरून हा माणूस कित्येक वर्षं आमच्या उंबऱ्यावर आला नव्हता. बांधावर उभा राहून म्हणाला, "तू सोता बोलावलं म्हून आलो. नाईतं आलो नसतो."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मीच बोलावलं ना लेका!" म्हणत त्याला मिठी मारली, आणि साडूच्या पाठीवर दादाच्या हाताचं पीठ उमटलं. वहिनी आणि तिची बहीण त्या धुरात रडत होत्या की हसत, कळत नव्हतं. पंगतीवर पंगती बसल्या. पोरं राख फासून हिंडत होती. कुणी ओरडलं, "मशीनले बी एक रोडगा ठेवा रे!" आणि खरंच एका पत्रावळीवर रोडगा, भाजी, वरण वाढून आंब्याच्या बुंध्याशी ठेवलं. कुत्र्यानं ते पळवलं तर म्हणे, "पावला! पावला!" मी पोट धरून हसलो. आयुष्यात इतकं कधी हसलो नाही.

सूनबाई आंब्याखाली बाजेवर लॅपटॉप उघडून बसली होती. मधेच उठायची, एका पंगतीला वरण वाढायची, पुन्हा येऊन बसायची. एकेक सेटिंग उघडून बघत होती. सगळं जागच्या जागी. रोडग्यांचा मजकूरही मशीननं ऑफिसातल्या सभासदांच्या जुन्या निरोपांतून उचलला असेल, असं तिनं धरलं; त्यांत दादाच्या नवसाची चेष्टा असायचीच. मी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. तिनं वर पाहिलं.

"काकाजी, तुम्ही काही उघडलं नव्हतं ना?"

"नाई बा," मी म्हणालो.

तिनं लगेच मान हलवली. शंका नाही, दुसरा प्रश्न नाही. "मग माझीच भिंत कच्ची आहे," म्हणाली आणि परत शोधायला लागली. नसलेली चूक ती शोधत होती. तेवढ्यात मागून साडूनं माझ्या तोंडात तुपानं निथळणारा रोडग्याचा तुकडा कोंबला, सगळे हसले, आणि मीही हसलो. तोंड भरलेलं होतं. गिळलं तेव्हा बोलायची वेळ निघून गेली होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ती वेळ दुपारभर होती.

दोन-तीन दिवसांनी संचालकांची बैठक झाली. बैठक कसली, अर्धा वेळ सगळे रोडग्यांच्याच गोष्टी सांगत होते. पण शेवटी एक जण म्हणाला, आणि बरोबरच म्हणाला, "आज रोडगे हाये, हसलो. उद्या यानं 'भाव दुप्पट झाला, माल आना' म्हनून फोन केले तं?" मग कुणी हसलं नाही. सूनबाईनं उभं राहून सांगितलं की चूक तिला अजून सापडलेली नाही, आणि जोवर सापडत नाही तोवर 'पुन्हा होणार नाही' असं ती म्हणू शकत नाही. तिनं थोडं खोटं बोलून वेळ मारून नेली असती तर बरं झालं असतं, असं मला तिथं वाटलं. ती तसली नाही. मदतनीस बंद झाला.

दादा तिच्यावर रागावला नाही. त्याचा नवस फिटला होता, साडू परत आला होता, तो हवेत होता. अगदी मायेनं म्हणाला, "झालं ते हसून झालं बाई. पन आता राहू दे." ठरलं होतं तसंच. तिनंही बोल लावला नाही.

मी पुन्हा फोन करायला लागलो. पलीकडून तेच: "वयनीचं गुडघ्याचं कसं हाये?" आता त्यात एक नवा प्रश्न असतो: "औंदा मशीन रोडगे केव्हा देते?" मी हसतो. गावात ही गोष्ट रंगवून सांगणारा म्हणून माझं नाव झालंय; न बोलणारा मी, या एका गोष्टीवर तास घेतो. नेमकं एकच वाक्य गाळून.

परवा कंपनीत बाहेरच्या कुणाकडून तरी असलाच मदतनीस आणायचा विषय निघाला. एक संचालक म्हणाला, "फक्त भिंत पक्की करनारा आना म्हंजे झालं," आणि सगळे हसले, दादाही. बैठक दादाच्याच ओसरीवर होती. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तीही हसली. तिची भिंत पक्की होती, हे त्या ओसरीवर फक्त मला माहीत होतं, आणि मी बशीत चहा ओतत होतो.

मी तिला, दादाला आणि त्या सगळ्या संचालकांना तोंडानं सांगायला हवं की दार मी उघडलं, तिनं नाही. आणि माझ्या खोट्यापायी गेलेला तिचा हंगाम तिला परत मिळेल यासाठी जे करावं लागेल ते करायला हवं. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.